उत्तमभाऊंचे सहा प्रोग्राम

माझं अक्षर चांगलं नाही, हे आधीच सांगून टाकते. शुद्धलेखनाच्या चुकाही बऱ्याच निघतील. शाळा चौथीपर्यंतच झाली, आणि तेव्हाही ऱ्हस्व-दीर्घासाठी मास्तरांच्या छड्या खाल्ल्या होत्या. कॉम्प्युटरवर लिहिलं असतं तर अक्षर तरी सरळ आलं असतं. पण दुकानातला पडदा गिऱ्हाइकाला बाहेरून दिसतो, आणि मी काय लिहिते हे कोणी वाकून वाचावं असं मला नको आहे. म्हणून या वहीच्या मागच्या पानांवर पेनानं लिहिते. वहीच्या पुढच्या पानांवर माझ्याच हातची चित्रं आहेत, पेन्सिलीनं काढून रंगवलेली. ती कशाची आहेत, ते ओघानं येईल.

मला उत्तमभाऊंबद्दल लिहायचं आहे.

उत्तमभाऊ कॉम्प्युटरसमोर बसले की आधी खिशातला रुमाल काढायचे आणि कीबोर्ड पुसायचे. घाईनं नाही, एकेक ओळ. मग तोच रुमाल मांडीवर पसरून, पडद्याकडे पाहत म्हणायचे, "हं. काम सांगा." समोरच्यानं एखाद्या प्रोग्रामचं नाव घेतलं की त्यांचा हात वर व्हायचा. "नाव नका सांगू. नाव बनवनाऱ्यानं ठेवलं. तुमचं काम सांगा, मंग पाहू त्याले कोनता पोग्राम लागते ते."

रिसोडच्या बसस्टँडजवळ त्यांचं दुरुस्तीचं दुकान आहे. दोन माणसं आत बसली तर तिसऱ्यानं बाहेर उभं राहावं, एवढंसं. वय पन्नाशीच्या पुढं, अंगानं वाळके, शर्टाची वरची गुंडी उन्हाळ्यातही लावलेली. पिशवी कधी नसायची. चंची असायची, पान खाणारे म्हातारे कमरेला बाळगतात तशी, कापडाची, कप्प्याकप्प्यांची. ती त्यांच्या वडिलांची होती. भाऊंनी स्वतः पान कधी खाल्लं नाही. सुपारीच्या कप्प्यात एक पेनड्राइव्ह, काताच्या कप्प्यात एक, आणि चुन्याची डबी असते त्या जागी बारका पेचकस. चंचीची दोरी सोडून ते पेनड्राइव्ह काढायचे तेव्हा दारात उभे असलेले लोक हसायचे. भाऊ हसायचे नाहीत.

रिठदला आमचं झेरॉक्सचं दुकान ह्यांनी काढलेलं. ह्यांना वाशीमला एका शाळेत शिपायाची नोकरी लागली आणि दुकान माझ्यावर आलं. मी चार माणसांत तोंड वर करून बोलणारी बाई नाही. बचत गटाच्या बैठकीत मी सतरंजीच्या कडेला बसायची, सगळ्यांनी हात वर केला की मीही करायची. दुकानातसुद्धा मशीनकडे तोंड आणि रस्त्याकडे पाठ. झेरॉक्स काढायला बोलावं लागत नाही, ते मला जमलं. कॉम्प्युटर मात्र अडून बसला. लोकांच्या पेनड्राइव्हमधून व्हायरस येऊन येऊन तो इतका जड झाला होता की बटण दाबल्यावर मी मागं घरात जाऊन भाकरी टाकून यायची, तरी तो सुरूच होत असायचा. पीकविम्याचे फॉर्म आले, दारात वीस-पंचवीस माणसं उभी, आणि पडदा निळा. त्या दिवशी ह्यांनी वाशीमहून फोन करून उत्तमभाऊंना पाठवलं.

भाऊ आले, पुसलं, बसले, खालच्या डब्याला कान लावला.

"हे मशीन मेलं नाही ताई. ओझ्यानं बसलं."

"नवीन घ्यावा लागन का?" मी विचारलं. नवीन घ्यायची ऐपत नव्हती.

"कायले? मशीन चालवनारं आतलं सगळं काढून लिनक्स बसवू. हलकं हाये. या म्हाताऱ्या मशीनवर पोरावानी पळन." मग चंचीची दोरी सोडता सोडता त्यांनी विचारलं, "माहेर कोनतं तुमचं?"

मी गावाचं नाव सांगितलं.

"अवं, मंग तं तुमी माह्या मामाच्या गावच्या. म्हंजे बहीनच झाल्या माही."

आमच्याकडे माहेरच्या गावचा माणूस भाऊच धरतात. मग जात, आडनाव कोणी विचारत बसत नाही. मी पाणी दिलं, चहा टाकला, साखर जरा जास्त घातली. त्या दिवसापासून ते भाऊ आणि मी बहीण. ते आले आणि चहाशिवाय गेले असं पुढं तीन वर्षांत एकदाही झालं नाही.

लिनक्स एका दुपारीत बसलं. पण माझ्या कामाचे प्रोग्राम निवडायला त्यांनी चार फेऱ्या घातल्या. आजही म्हणते, तशी निवड दुसऱ्या कोणी करून दिली नसती. त्यांनी मला खुर्चीवर बसवलं आणि ते स्वतः स्टुलावर बसले. "दुकानात लोकं कायले येतेत ते सांगा. एकेक." मी हळूहळू सांगितलं. पासपोर्ट फोटो. नोकरीचा अर्ज, बायोडाटा. लग्नाची पत्रिका, जयंतीचं पत्रक. कागद स्कॅन करणं. चार कागदांची एक फाईल करणं. लग्नाच्या क्लिपा पेनड्राइव्हवर भरून देण्याआधी पडद्यावर चालतात की नाही ते पाहणं. त्यांनी सहा कामं तळहातावर पेननं लिहिली.

"सहा कामं, सहा पोग्राम. सातवा नाही," ते म्हणाले. "लोकं पन्नास भरून ठेवतेत अन् मंग एकही सापडत नाही."

प्रत्येक कामाला ते दोन-तीन प्रोग्राम टाकून पाहायचे. फोटोसाठी पहिला टाकला, उघडायला लावला आणि म्हणाले, "ताई, चा द्या." मी कप दिला. त्यांनी फुंकर मारत सावकाश पिऊन संपवला. प्रोग्राम अजून उघडलेला नव्हता. "चा पिऊन झाला तरी उघडला नाही, तं गिऱ्हाईक थांबन का? काढून टाका." दुसराही चहाच्या परीक्षेत नापास झाला. तिसरा उघडला, तोंडात कुंचला धरलेल्या एका केसाळ जनावराच्या चित्राचा. त्याचं नाव गिम्प. तो राहिला.

कागदांसाठी त्यांनी लिब्रे ऑफिस निवडलं. मी बायोडाटा टाइप केला तर म्हणाले, "आता हा पेनड्राइव्हवर घ्या, शाळेतल्या कॉम्प्युटरवर उघडून या." मी लाजले, पण गेले. उघडला. परत आल्यावर म्हणाले, "हे पाहून घ्याचं. दुसऱ्याच्या मशीनवर उघडलं नाही तं ते काम तुमचं राह्यलं नाही, पोग्रामचं झालं." पत्रिकेसाठी इंकस्केप ठेवलं. त्यात एक कमळ काढून ते मोठं करत गेले, पडदाभर केलं, तरी कड फाटली नाही. "फ्लेक्सवाल्याकडे नेलं तरी असंच राहीन." स्कॅनला एक, फाईल जोडायला एक, आणि क्लिपांना रस्त्यावरच्या शंकूच्या चित्राचा एक.

"अन् महिनाभर ज्याले हात लागला नाही, तो काढाचा," त्यांनी बजावलं. "भांडं मांडनीवर शोभते. कॉम्प्युटरमधी नाही."

पडद्यावर सगळं इंग्रजी होतं. मला इंग्रजी अक्षरं दिसतात, वाचता येत नाहीत. मी विचारलं, "भाऊ, हे मराठीत नाही का होत?"

"टायपिंग मराठीत होते ताई. आतलं नाही होत. लिनक्सवाल्याईनं मराठी देलीच नाही." मग माझ्या तोंडाकडे पाहून म्हणाले, "इंग्रजीले भेव नका. चित्र ओळखा."

म्हणून ही वही. एका पानावर एक प्रोग्राम. वर त्याचं चित्र, आणि खाली आत काय काय दाबायचं त्या सगळ्यांची चित्रं. कात्री म्हणजे कापायचं. चौकोनी तबकडी म्हणजे ठेवायचं. जिथं चित्र नव्हतं, नुसता इंग्रजी शब्द होता, तिथं मी तो शब्द रांगोळी पाहून काढतात तसा पाहून काढला, आणि पुढं मराठीत लिहिलं, "हा दाबला की फोटो पुसला जातो, दाबू नये." दुकान बंद असायचं तेव्हा, जेवणं झाल्यावर, दुपारी मी ही वही पाठ करायची. चौसष्ट पानं भरली. माझ्या आयुष्यात एवढा अभ्यास मी कधी केला नव्हता. भाऊ वही पाहून म्हणायचे, "तुमी शिकल्या असत्या तं कलेक्टर झाल्या असत्या ताई." मला ते खरं वाटायचं.

प्रोग्रामचे पैसे त्यांनी शेवटच्या फेरीत सांगितले. "सहा पोग्राम. चारशे-चारशे. वर्षाचं लायसन. वर कंपनीले भरा लागते. नाही भरलं तं वरूनच बंद करतेत." चोवीसशे रुपये मी मोजून दिले. महाग वाटले नाहीत. एवढ्या कामाचे प्रोग्राम कोणीतरी कुठंतरी बसून केले असतील, त्यांना पैसे नकोत का? पुढच्या वर्षी त्याच दिवसांत भाऊ आले, चोवीसशे घेतले, आणि जाताना चंचीच्या मोठ्या कप्प्यातून ब्लाउजपीस काढून माझ्या हातात दिला. "भाऊ रिकाम्या हातानं येते का?" मी बाईमाणूस, माझे डोळे भरून आले. सख्खा भाऊ मला नाही.

त्याच वर्षी एक दिवस कॉम्प्युटर सुरू केला तर कुंचल्याच्या जनावराचं चित्र गायब. त्या जागी वेगळंच जनावर, सपाट, वेगळ्या रंगाचं. मी वही उघडून दहादा ताडून पाहिलं. माझ्या चित्रातलं जनावर पडद्यावर कुठंच नव्हतं. फोटोवाले तीन जण बाकावर बसलेले. मला वाटलं, लायसन संपलं, प्रोग्राम बंद केला. मी भाऊंना फोन केला.

"जुना गेला ताई," ते फोनवर म्हणाले. "नवा आला. तोच दाबा, चालते. त्याचे चारशे वेगळे लागतीन पन."

मी तेही दिले. वहीत नवं पान घेतलं, नवं जनावर काढलं.

तिसऱ्या वर्षी आमच्या बचत गटाला एक जुना लॅपटॉप मिळाला. पापडाच्या पाकिटाची लेबलं छापायची होती, गटाचं लिहिणंही त्यात ठेवायचं होतं. अध्यक्ष वच्छलाबाई. तोंडानं फटकळ, पैशाला पक्की. त्यांनी विचारलं, "याच्यातलं कोनाले कळते का गं?" आणि मी, सतरंजीच्या कडेला बसणारी मी, बोलले. म्हणाले, माझ्या माहेरचा माणूस आहे. नीट पारखून प्रोग्राम देतो. लायसन लागतं, पण माणूस खात्रीचा आहे. सगळ्या बाया माझ्याकडे पाहत होत्या. वच्छलाबाई म्हणाल्या, "बेबी बोलली म्हंजे खरंच असन. ते कवा बोलते का?" गटाचे चोवीसशे रुपये माझ्या शब्दावर भाऊंच्या हातात पडले.

मग एक दिवस प्रणाली आली. शेजारच्या गल्लीतली, वाशीमला कॉलेजात जाते. तिला अर्जाची फाईल करून हवी होती. मी वही मांडीवर ठेवून, चित्र पाहून एकेक दाबत होते. ती पाठीमागून पाहत होती.

"काकू, हे वहीत काय काढून ठेवलं तुमी?"

मी वही झाकली. पण ती चांगली पोरगी आहे, हसली नाही. म्हणाली, "काहून पन? मराठीत करून घ्या ना सगळं."

"त्याच्यात मराठी नाही म्हंते."

"कोन म्हंते? सरका." तिनं कुठंकुठं दाबलं, कॉम्प्युटर बंद करून पुन्हा सुरू केला, आणि पडद्यावर अक्षरं आली. काही ठिकाणी इंग्रजी राहिली होती, पण बाकी सगळी मराठी. उघडा. जतन करा. पुसून टाका. छपाई. मी वाचत गेले, मोठ्यानं, शाळेत वाचायची तशी. तीन वर्षं ज्याची चित्रं काढली, ते सगळं तिथं माझ्या भाषेत लिहून ठेवलेलं होतं. कोणी लिहिलं असेल? माझ्यासारखीला वाचता यावं म्हणून कोणीतरी बसून लिहिलंच होतं ना.

प्रणाली गेल्यावर मी हौसेनं सगळीकडे उघडून वाचू लागले. एका ठिकाणी सगळ्या प्रोग्रामची माहिती होती. माझे सहाही तिथं होते. जुन्या जनावराचं आणि नव्या जनावराचं नाव एकच होतं, म्हणजे प्रोग्राम तोच, नुसतं चित्र बदललेलं. आणि एका खिडकीत लिहिलं होतं की हा प्रोग्राम कोणीही वापरावा, त्याची नक्कल करावी, दुसऱ्याला द्यावी, त्याला काही मोल नाही. शब्द जड होते. मी तीनदा वाचलं. मला वाटलं, माझ्या चौथीच्या वाचण्यातच चूक होते आहे. दुसऱ्या दिवशी प्रणाली दुकानासमोरून जाताना तिला हाक मारली.

"याचं वर्षाचं लायसन किती पडते गं?"

"लायसन?" ती म्हणाली. "काकू, हे सगळे फुकटच असतात. लिनक्सही अन् हे सहाही. कोन पैसे घेते याचे?"

मी आत जाऊन पेटी उघडली. तीन ब्लाउजपीस होते, दोन माझ्या लायसनच्या वेळचे, एक गटाच्या वेळचा. दोन घडीचे, एक शिवलेला. चोवीसशेतून ते आणले होते. माझ्याच पैशाचं कापड मला भाऊबीज म्हणून मिळत होतं, आणि मी डोळे पुसत होते.

गटाला मी स्वतः सांगितलं. दुसऱ्या कोणाकडून कळलं असतं तर मला मान वर करायला जागा राहिली नसती. बैठकीत उभी राहिले. सगळं सांगितलं, आणि म्हणाले की पैसे मी आणीन.

"बेबे," वच्छलाबाई म्हणाल्या, "तूच म्हनली होती ना, माहेरचा मानूस हाये म्हनून?"

"हो."

"मंग जाय माहेराले अन् घेऊन ये." बाया हसल्या. त्यांना राग नव्हता, पण हसल्या. मी मनात ठरवलं, गटाचे चोवीसशे आल्याशिवाय या सतरंजीवर बसायचं नाही.

शुक्रवारी दुकान बंद ठेवून जीपनं रिसोडला गेले. भाऊ एका मोबाईलचं झाकण उघडून बसले होते. मला पाहून उठले. "अवं ताई! बसा, बसा. चा सांगतो." मी बसले नाही. दोन ब्लाउजपीस आणि वही काउंटरवर ठेवली.

"भाऊ, त्याच्यात मराठी हाये."

त्यांचा हात थांबला. "कोनं सांगतलं?"

"मी वाचलं."

त्यांनी रुमाल काढला. पुसायला समोर काही नव्हतं. तो हातात तसाच राहिला. म्हणाले, "मी पोग्रामचे पैसे नाही घेतले ताई. माह्या येन्याजान्याचे घेतले. बसवन्याचे, शिकवन्याचे घेतले."

"मंग तसं काहून नाही सांगतलं?"

"सांगून पाह्यलं होतं." ते खाली पाहून बोलत होते. "मालेगावले एका दुकानदाराकडे दोन दिवस बसलो. खरं सांगतलं, हे फुकट हाये, माही मजुरी द्या. तो म्हने, फुकटाचंच बसवलं ना, मंग मजुरी कायची? चा पाजला अन् वाटेले लावलं. तवापासून लायसन म्हनतो. लायसन म्हनलं की लोकं मुकाट्यानं देतेत."

"मी का लोकं होती भाऊ?"

त्यांनी रुमालाची घडी घातली.

"मजुरी म्हनले असते तं मी देली असती. चारदा आले, चारदा शिकवलं. हजार मागतले असते तं हजार देले असते. ते जाऊ द्या." माझा आवाज मलाच अनोळखी वाटत होता, रस्त्यावरचं माणूस वळून पाहील एवढा. "मराठी नाही, हे काहून म्हनले? त्याचे तं पैसेही नव्हते लागत. मी चौसष्ट पानं चित्रं काढली. तुमी पाहून कलेक्टर म्हनत होते मले."

भाऊंनी वहीचं एक पान उलटलं. तोच जनावरवाला कागद. मग म्हणाले, "मराठीत करून देलं असतं तं तुमाले सगळं वाचता आलं असतं. मंग मले कायले बलावलं असतं तुमी?"

तो माणूस खरं बोलला, असं मला त्या दिवशी वाटलं. आणि त्याच गोष्टीचा राग अजून गेलेला नाही.

हिशेब मी वहीतच मांडून नेला होता. माझे तीन वर्षांचे बहात्तरशे. नव्या जनावराचे चारशे. गटाचे चोवीसशे. बरोबर दहा हजार. त्यांनी वाचले, मान हलवली, एकही आकडा खोडला नाही. "गटाचे आजच देतो," म्हणाले, आणि शेजारच्या दुकानातून उसने आणून चोवीसशे माझ्या हातात ठेवले. "तुमचे महिन्याले हजार देईन. एकदम नाही जमनार ताई."

मी निघाले तेव्हा त्यांनी ब्लाउजपीस उचलून माझ्याकडे धरले. मी घेतले नाहीत.

गटात पैसे ठेवले तेव्हा वच्छलाबाईंनी ते मोजले, पेटीत टाकले आणि जराशा सरकल्या. "बस इथं. कडेले कायले बसतं?" मी बसले.

भाऊ दर महिन्याला आले. एसटीनं यायचे, दारातून हजार रुपये द्यायचे, जायचे. मी वहीत लिहायची. बोलणं नाही. मजुरी म्हणून त्यातले काही कापून घ्यावेत का, असं एकदा मनात आलं होतं. ह्यांनीही सुचवलं. मी म्हटलं, मागितली असती तर दिली असती. त्यांनी मागितली नाही, घेतली. मग मी पुरे हजार घेत राहिले.

मधल्या काळात मला एका नव्या कामाला प्रोग्राम लागला. लोक आता मोबाईलमध्ये काढलेले कागदांचे तिरपे फोटो आणतात, ते सरळ करायचे असतात. मी स्वतः शोधले. काम आधी कागदावर लिहिलं. तीन टाकून पाहिले. दोन वेळा चहा केला, कप हातात घेऊन पडद्यासमोर बसले. तिसरा राहिला. शाळेत नेऊन उघडून पाहिलं. हे सगळं करताना उत्तमभाऊंचाच आवाज कानात होता, आणि ते मला सहन होत नव्हतं, तरी दुसरी रीत मला येत नाही.

परवा ते शेवटचे सहाशे घेऊन आले. या वेळी दारात थांबले नाहीत. स्टुलावर बसले, आणि सवयीनं रुमाल काढून कीबोर्ड पुसला, एकेक ओळ. मग पडद्याकडे पाहिलं. सगळं मराठीत होतं. त्यांनी माउस धरून एक यादी उघडली आणि ओठ हलवत वाचली.

"चांगलं दिसते," म्हणाले. "हा सातवा कोनता?"

"तिरपे कागद सरळ करते."

"चा पिऊन पाह्यला?"

"पाह्यला."

ते थोडं हसले. मग आत नजर टाकली आणि बसून राहिले. मला कळलं, ते कशाची वाट पाहत होते. गॅस आतच आहे, दूधही होतं. मी उठले नाही.

त्यांनी चंचीची दोरी सोडली. पेनड्राइव्ह बाजूला सारून चुन्याच्या कप्प्यातून घडी केलेल्या नोटा काढल्या आणि कीबोर्डवर ठेवल्या. शंभराच्या सहा. मी उचलल्या, मोजल्या, पुन्हा मोजल्या, आणि वहीत आकडा लिहिला.

"झाले ना ताई पुरे?"

"झाले."

ते उठले. रिसोडची गाडी समोर येऊन लागली होती. गाडी गेल्यावर मी पेटी उघडली, वरच्या कप्प्यात ते सहाशे ठेवले. दहा हजार रुपये गेले होते, दहा हजार पुरे परत आले.